पाव आट्यासाठी गाडी भंगारात कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंधरा वर्षांवरच्या सगळ्या मोटारसायकली उचलून भंगारात घालाव्यात, त्यांनीच चोपड्याच्या बसस्टँडची हवा नासवली आहे, असे एका वाचकाचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापले. त्यांचा त्रास खरा आहे. संध्याकाळी गेटाशी उभे राहिले की माझेही डोळे चुरचुरतात. पण उपाय मात्र म्हशीला गोचीड झाले म्हणून म्हैसच बाजारात नेण्यासारखा आहे. त्या गाड्यांपैकी निम्म्यांना कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, फिरवण्याची गरज आहे, आणि तो कोणत्या दिशेला फिरवायचा हे माहीत असणारी माणसे कमी होत चालली आहेत. हे पत्र त्या स्क्रूबद्दल आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गावोगाव लोक 'डॉक्टर' म्हणत, मी डॉक्टर नव्हे. अडावद, लासूर, वैजापूर, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचे पाडे, एवढा मुलूख मी १९८६ च्या बुलेटवर फिरलो. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, हेडलाइट सहा व्होल्टचा, म्हणजे रात्री रस्ता दिसण्यापेक्षा आठवावाच लागे. म्हैस अडल्याचा निरोप रात्री दोनला येतो. तेव्हा गाडी दुसऱ्या किकला सुरू व्हायला हवी आणि खळ्याचे फाटक उघडायला खाली उतरलो तर ती चालू राहायला हवी. ज्याची गाडी फाटकाशी बंद पडते त्याला आयडलिंगचे, म्हणजे मूठ सोडून उभ्या गाडीचे इंजिन चालू राहण्याचे, महत्त्व सांगावे लागत नाही.

कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. त्यात पेट्रोलला इंजिनकडे जायच्या वाटा एकाहून जास्त असतात. मूठ पूर्ण पिळली की मेन जेट (जेट म्हणजे बारीक भोकाची पितळी नळी), मधल्या टप्प्यात सुई, आणि मूठ सोडलेली किंवा जेमतेम उघडलेली असताना एक छोटा जेट, ज्याला गॅरेजात स्लोचा जेट म्हणतात. या छोट्या जेटच्या वाटेवर हवा-पेट्रोलाचे प्रमाण ठरवणारा एक बारीक स्क्रू बाजूला असतो. त्याचा अंमल मुठीच्या पहिल्या पाव हिश्श्यापर्यंत, पुढे तो विरत जातो.

आता आपल्याकडची रीत पाहा. गिऱ्हाईक गाडी लावतो आणि पहिले वाक्य म्हणतो, ॲव्हरेज देत नाही. मेकॅनिक मान हलवतो, पेचकस घेतो, हा स्क्रू फिरवून मिश्रण बारीक करतो (बारीक म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; दाट म्हणजे उलटे) आणि सांगतो, 'ॲव्हरेजवर लाई दिन्ही शे.' गिऱ्हाईक खूश. डबलसीट, मध्ये सरकीच्या पेंडीचे पोते, आणि गाडी पन्नास-साठने धरणगाव रस्त्याला लागली की पेट्रोल बहुतेक सुईच्या वाटेने येते. तिथे या स्क्रूला कोण विचारतो? ॲव्हरेज हवे असेल तर टायरची हवा पाहा, चेन पाहा, मागचा ब्रेक चिकटतोय का ते चाक हाताने फिरवून पाहा, एअर फिल्टर झटका. कपाशीच्या दिवसांत काळ्या मातीच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर उघडला तर आत शेत सापडते.

मिश्रण बारीक करून मिळते ते वेगळेच. थंड इंजिन सुरू होत नाही. मूठ झटकन पिळली की गाडी आधी गुदमरते, मग उचल घेते. मूठ सोडली तरी रेस लगेच उतरत नाही, वर लटकून राहते. उतारावर सायलेन्सरमधून फटाके फुटतात आणि पोरांना ते आवडतात. (सायलेन्सरच्या जॉइंटमधून हवा खेचली जात असेल तरीही फटाके फुटतात, म्हणून आधी तो जॉइंट पाहावा.) शेजारचा मुलगा त्याची शंभर सीसीची गाडी घेऊन आला होता, 'काका, उभी ऱ्हायनी का बंद पडस.' बंद पडते म्हणून त्याच्या मेकॅनिकने दुसरा स्क्रू, स्लाइड (मुठीच्या तारेने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा तुकडा) उचलणारा, आवळून रेस वाढवून दिली होती. एक स्क्रू चुकीचा आणि त्याला झाकायला दुसरा स्क्रू चुकीचा. गाडी उभी असताना किंचाळत होती आणि पहिला गियर टाकला की घाण्‌कन आवाज येत होता.

मुख्य घोटाळा दिशेचा आहे. हा स्क्रू कार्बोरेटरच्या कोणत्या अंगाला आहे ते आधी पाहावे. स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू. तो उघडला की हवा वाढते, मिश्रण बारीक होते. आवळला की दाट होते. माझ्या बुलेटचा मिकार्ब कार्बोरेटर या जातीचा, यामाहा आरएक्स १०० चा मिकुनीही याच जातीचा. पण स्क्रू स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला असेल तर तो तयार मिश्रण सोडणारा स्क्रू, आणि तिथे सगळे उलटे: उघडला की दाट, आवळला की बारीक. नंतरच्या पुष्कळ गाड्यांवर हा दुसरा प्रकार आला. त्या गाड्यांवर हात बसलेला मुलगा जुन्या बुलेटला हात लावतो तेव्हा नेमके उलटे करतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेले नसते.

स्क्रूला हात लावण्याआधी बाकीचे नीट हवे. टॅपेट, पॉइंटची गॅप, टायमिंग, प्लग, फिल्टर. पॉइंट जळलेला असताना कार्बोरेटर लावत बसणे म्हणजे वेळ घालवणे. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगमधून हवा जात नाही ना, तेही पाहावे. मी इंजिन चालू ठेवून तिथे ब्रशने साबणाचे पाणी लावतो; पाणी आत ओढले गेले आणि आवाज बदलला की चोर सापडला. काही जण इथे पेट्रोल शिंपडतात, गरम इंजिनवर. ते करू नये.

मग गाडी तापवायची. जागेवर रेस करून नव्हे, चालवून. मी तापीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. चोक पूर्ण बंद. गाडी उघड्यावर लावायची, ओट्याच्या आत किंवा पत्र्याच्या शेडात नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारतो आणि त्याला वास नसतो. हवेचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यायचा. टेकला की थांबायचे. त्याचे टोक सुईसारखे असते, जोर लावला की टोकाला कडे पडते, बसायची जागा फाकते आणि मग तो कार्बोरेटर आयुष्यभर नीट लागत नाही. तिथून दीड आटा बाहेर काढायचा, ही सुरुवात.

रेस किंचित वाढवून ठेवायची आणि मग स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. प्रत्येक वेळी थांबायचे. इथेच बहुतेकांचा संयम सुटतो. इंजिनला बदल कळायला चार-पाच सेकंद लागतात आणि आपला हात त्याआधीच पुढे गेलेला असतो. फिरवता फिरवता एक जागा येते जिथे आवाज वर चढतो आणि ठोके समान पडू लागतात. त्याच्या अलीकडे, दाट बाजूला, ठोके जड, लडखडणारे, सायलेन्सरमधून काळपट वाफ. पलीकडे, बारीक बाजूला, ठोके कोरडे, मध्येच एखादा गळालेला. वरच्या जागेवर थांबायचे, मग दुसऱ्या स्क्रूने रेस खाली आणायची, आणि पहिला स्क्रू पुन्हा एकदा तपासायचा, कारण रेस बदलली की ती जागा थोडी सरकते. शेवटी मूठ झटकन पिळून सोडायची. गुदमरली तर थोडे दाट करायचे. रेस लटकून राहिली तरी थोडे दाट. रेस एकदम खाली पडून मरायला आली तर थोडे बारीक. मी कानाने करतो. सुरुवातीला स्टेथोस्कोप लावून पाहिला होता, पण त्यातून टॅपेटच एवढे कडाडतात की बाकी काही ऐकू येत नाही.

स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळला तरच गाडी बरी चालते असे झाले तर दोष स्क्रूचा नाही. स्लोचा जेट तुंबलेला आहे किंवा लहान नंबरचा बसवला आहे. तीन आटे उघडूनही दाटच, तर जेट मोठा आहे किंवा त्याचे भोक कोणीतरी तारेने वाढवले आहे. या जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते. माझ्याकडे इंजेक्शनच्या सुयांचा कधी तुटवडा नव्हता, पण जेटमध्ये पोलादी सुई मी घातली नाही. पितळ मऊ असते. वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा किंवा मासे पकडायची नायलॉनची दोरी पुरते, आणि त्यानंतर पंक्चरवाल्याकडची हवा.

बुलेटवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ठोका न् ठोका मोजता यावा इतके आयडल खाली आणून त्याचे व्हिडिओ टाकायची हौस वाढली आहे. ऐकायला बरे वाटते. पण तेलाचा पंप इंजिनच्याच फिरण्यावर चालतो. इंजिन कुंथत फिरले की पंपही कुंथतो आणि हेडपर्यंत तेल उशिरा पोचते. शिवाय ॲम्पिअर मीटरचा काटा डावीकडे झुकलेला दिसतो, म्हणजे बॅटरी रिकामी होते आहे. थोडे वर ठेवा.

आता खान्देशाचे. जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली उतरतो आणि मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. एवढ्या फरकात हवा साधारण ११ टक्के विरळ होते. कार्बोरेटरला ते पुरते कळत नाही, पेट्रोल तो त्या मानाने कमी सोडत नाही, त्यामुळे तीच गाडी, तोच स्क्रू, आणि उन्हाळ्यात मिश्रण पाच-सहा टक्के दाट. तोरणमाळच्या घाटात हेच होते. वरचे गाव हजार मीटरहून उंच, हवा विरळ, आणि शहाद्याला छान चालणारी गाडी वर तलावाशी घरघरते. म्हणून आमच्याकडे वर्षातून दोनदा हात लावावा लागतो. हवेचा स्क्रू आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाव आटा उघडायचा आणि दिवाळीनंतर थंडी धरली की परत घ्यायचा. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला तापीकाठच्या गारठ्यात किकवर उड्या मारणारी माणसे दिसतात, त्यातल्या पुष्कळांचा स्क्रू अजून वैशाखातलाच असतो.

यात पेट्रोलची भर पडली. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सगळीकडे आहे. साध्या पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. इथेनॉलला जेमतेम ९. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर अचूक लावलेला कार्बोरेटर नव्या पेट्रोलवर सात-आठ टक्के बारीक चालतो. उन्हाळ्यात उष्णता दाट करते, इथेनॉल बारीक करते, दोन्ही एकमेकांना काही अंशी खोडतात. थंडीत मात्र दोन्ही एकाच दिशेला ओढतात, वर इथेनॉलची वाफ गारठ्यात नीट होत नाही. गेल्या काही हिवाळ्यांत जुन्या गाड्या अचानक रुसू लागल्या त्याचे एक कारण हे. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी, नाहीतर दसऱ्याला पूजा करायला गेल्यावर जेटमध्ये पांढरी भुकटी सापडते.

आणि पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी. कायद्याने पेट्रोलच्या दुचाकीची तपासणी आयडलवरच होते, म्हणजे तपासणी खरे तर या स्क्रूचीच असते. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालते. त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन फोर स्ट्रोकला ४५००, टू स्ट्रोकला ६०००. नीट लावलेली चाळीस वर्षांची बुलेट यात बसते. दाट लावली की मोनॉक्साइड वर जातो. म्हणून कोणी फारच बारीक केली तर मोनॉक्साइड उतरतो खरा, पण ठोके गळू लागतात, न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते आणि हायड्रोकार्बन चढतो. दोन आकडे एकत्र पाहिले की स्क्रू नेमका कुठे हवा ते कळते. गॅरेजवाल्याकडे नसलेले हे यंत्र प्रत्येक पीयूसी केंद्रावर आहे.

प्रत्यक्षात काय होते? मी ज्या केंद्रावर गेलो होतो, नाव लिहीत नाही, तिथे नंबरप्लेटचा फोटो निघाला, पैसे घेतले आणि पावती आली. नळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. मी म्हटले, भाऊ, नळी सायलेन्सरमध्ये घाल. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मीच काहीतरी बेकायदा मागतो आहे. शेवटी घातली. आकडा आला ४.९. तो म्हणाला, 'आबा, मिक्श्चरचा स्क्रू आवळा, कमी होईल.' आवळला असता तर साडेपाचावर गेला असता, कारण माझ्या गाडीला तो हवेचा स्क्रू आहे. मी पाव आटा उघडला, थांबलो, आणि काटा ३.८ वर आला. हायड्रोकार्बन जागचा हलला नाही. त्या मुलाने नंतर स्वतःहून विचारले की हे उलटे कसे झाले, आणि मी त्याला स्क्रूची बाजू दाखवली. मुलगा हुशार होता. त्याला यंत्र दिले, संगणक दिला, पण कार्बोरेटर कोणी उघडून दाखवला नव्हता.

माझी आरटीओकडे मागणी एवढीच. नळी प्रत्येक गाडीत गेलीच पाहिजे. यंत्राचा पडदा गाडीवाल्याला दिसेल असा ठेवावा. आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर पावती नाकारण्याआधी किंवा तशीच फाडण्याआधी पाच मिनिटे आणि एक पेचकस द्यावा. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना आखाजीच्या आणि दिवाळीच्या सुमारास अशा केंद्रांवर आठवडाभर बसवले तर त्यांना कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यांबरोबर हेही शिकायला मिळेल. एप्रिल २०२० पासून दुचाकींना बीएस ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून कार्बोरेटर नव्या गाड्यांवरून जवळजवळ गेलाच, पण खेड्यातल्या ओट्यांवर तो अजून पुष्कळ वर्षे राहणार आहे. त्या गाड्यांवर दूध येते, खत येते, पोर कॉलेजला जाते. नवी गाडी लाखाच्या आसपास पडते.

पत्रलेखकाचे एक म्हणणे मात्र मला मान्य करायला हवे. बसस्टँडवर त्यांना दिसलेला निळा धूर या स्क्रूने जाणार नाही. तो टू स्ट्रोक गाड्यांच्या तेलाचा असतो. येझदी-राजदूतमध्ये लोक पेट्रोलमध्ये अंदाजाने तेल ओततात, 'जास्त पडले तर इंजिनला बरे' म्हणून. आरएक्स १०० मध्ये तेलाचा पंप वेगळा असतो आणि त्याची केबल चुकीची लावलेली असते. तिथे तेल मापाने ओतणे आणि पंपाची खूण जुळवणे हा उपाय. फक्त धुराच्या धाकाने तेल तोडू नये. आणि तेल पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्या गाड्यांनी कन्नडचा घाट किंवा तोरणमाळ मूठ बंद ठेवून सलग उतरू नये. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि पिस्टन घाटातच चिकटतो. उतरताना अधूनमधून मूठ थोडी उघडत राहावे.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
चोपडा, जि. जळगाव